नऊ दारांचं घर, सहा चोर

शक्ती-तुऱ्याच्या सामन्याला गर्दी जमते ती शाहिरांसाठी. मी मात्र जागा धरतो मंडपाच्या कडेला, गावातली जुनी खोडं बसतात तिथे. गणाला ही मंडळी हात जोडतात. गौळण चालू असताना पाऊसपाणी, भाताची लोंबी, मुंबईतल्या मुलाच्या खोलीचं भाडं असलं काहीबाही बोलत राहतात. शाहिराने सवालाला सूर लावला की बोलणं तुटतं. कुणी कानटोपी वर सरकवतो, कुणी अर्धी विडी विझवून कानामागे खोचतो. इथून पुढे त्यांचं काम सुरू होतं. काम म्हणजे गाण्याचा अर्थ लावणं, आणि तोही समोरच्या शाहिराच्या आधी.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जाखडी म्हणा, बाल्या नाच म्हणा, महाड-पोलादपूरच्या खोऱ्यांत आणि कशेडी घाटापलीकडे खेड-मंडणगडात गणपतीच्या दिवसांत हा नाच अंगणोअंगणी फिरतो. मधोमध ढोलकी, झांज आणि गाणारे बसतात. भोवती पायात चाळ बांधलेली पोरं रिंगण धरतात. सामना म्हटला की दोन मंडळं समोरासमोर येतात. तुरेवाले शिवाला, म्हणजे पुरुषतत्त्वाला थोर मानणार. शक्तीवाले, ज्यांना देशावर कलगीवाले म्हणतात, ते आदिशक्तीला. पहिल्या बारीत एकाने भेदिक सवाल टाकायचा, दुसऱ्याने आपल्या बारीत तो फोडायचा. प्रकृती मोठी की पुरुष, हे भांडण जुनं आहे आणि ते कधी मिटू नये अशीच दोन्हीकडच्यांची इच्छा दिसते.

भेदिक गाणं मुद्दाम झाकून बांधलेलं असतं. देहाला देह म्हणायचं नाही. घर म्हणायचं, नाव म्हणायचं, नगरी म्हणायचं. मग आकडे टाकायचे आणि पुढे निघून जायचं. त्यामुळे ऐकणाऱ्याजवळ आकड्यांचा साठा तोंडपाठ असावा लागतो. तीन म्हणजे त्रिगुण, सहा म्हणजे षड्रिपू किंवा षट्चक्रं. चौदाचं तर विचारू नका: भुवनं चौदा, विद्या चौदा, समुद्रातून निघालेली रत्नं चौदा, आणि दासबोधाच्या सातव्या दशकातली ब्रह्मंही चौदाच. साडेतीन हा शाहिरांचा खास लाडका. देह साडेतीन हात, ओंकाराच्या मात्रा साडेतीन, कुंडलिनीची वेटोळी साडेतीन, देवीची पीठं साडेतीन, मुहूर्तही साडेतीन. शाहीर नुसतं साडेतीन म्हणाला तर यातलं कुठलं घ्यायचं, हे आजूबाजूच्या ओळींवाचून ठरत नाही. हौशी श्रोता इथेच फसतो. पहिला अर्थ हाती लागला की तो शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारतो. मुरलेला श्रोता गप्प राहतो, कारण लावलेला अर्थ शेवटच्या ओळीपर्यंत टिकायला हवा. एक आकडा जरी बाहेर राहिला तरी सगळा अर्थ पुन्हा पहिल्यापासून.

पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीत ऐकलेला सवाल सांगतो. गाणं देत नाही, त्याचा गद्य सांगाडा देतो. एक घर आहे. त्याला दारं नऊ, एकालाही कडी नाही. आत सहा चोर मुक्कामाला, राखणीला पाच जण. रात्री घरधनी गाढ झोपला आणि २१,६०० वेळा कुणीतरी आत आलं, बाहेर गेलं. हा येणारा-जाणारा कोण?

आधी शब्दच नीट कळेनात. कर्णा फाटका, त्यात ढोलकीवाला जोरात. ‘सहा चोर’ की ‘सहा थोर’ यावर कडेच्या रांगेत हळू आवाजात वाद झाला. दुसऱ्यांदा ध्रुपद घेतलं तेव्हा चोर पक्के झाले. हे काम कमी प्रतीचं समजू नये. पाठ ठरल्याशिवाय अर्थाला हात घालायचा नाही, हा इथला पहिला नियम.

घर ओळखायला वेळ लागला नाही. दोन डोळे, दोन कान, दोन नाकपुड्या, तोंड आणि खालची दोन, असा नवद्वारांचा देह. चोर म्हणजे काम-क्रोधादी सहा. अडलं ते राखणदारांपाशी. माझ्या शेजारी बसलेले आबा मुंबईच्या गिरणीत साचे चालवायचे. १९८२च्या संपानंतर गिरणी सुटली आणि ते गावी आले. पुढचा संवाद त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखा.

“पाच म्हंजे पंचमहाभूतं,” पुढचा एक जण म्हणाला.

“भूतांची तर भिंत झाली. भिंत कधी राखण करते होय?”

“मग ज्ञानेंद्रियं. डोळा, कान, नाक...”

“धनी निजलाय ना? धनी निजला तिथं डोळा-कानबी निजले. जागं कोण राहिलं ते बघ.”

झोपेतही जागे राहणारे पाच म्हणजे प्राण, अपान, व्यान, उदान, समान. पंचप्राण. ‘गाढ झोपला’ हे दोन शब्द आम्ही सगळ्यांनी ऐकले होते. आबांनी ते पुरावा म्हणून वापरले. कवितेचे वर्ग घेणाऱ्या कुठल्याही प्राध्यापकाने हेवा करावा असं हे वाचन होतं.

येणारा-जाणारा म्हणजे श्वास, हे मग सरळच झालं. मिनिटाला १५ श्वास धरले तर तासाला ९०० आणि दिवस-रात्र मिळून २१,६०० होतात. योगाच्या आणि संतांच्या परंपरेत हा आकडा पक्का आहे. पण आबांचं बोट तिथेच अडकलं होतं. “तो रात म्हणला. हा हिशेब आख्ख्या दिस-रातीचा. निस्त्या रातीचे दहा हजार आठशे.” म्हणजे उत्तर सापडलं, आणि सवालातली खोटही सापडली.

दुसऱ्या बारीला समोरच्या शाहिराने श्वास, हंस, सोहं सगळं रीतसर मांडलं. आकड्याची खोट मात्र त्याच्या नजरेतून निसटली होती. कडेच्या रांगेतून एक चिठ्ठी हातोहात पुढे गेली. शाहिराने ती वाचली, ढोलकी थांबवली आणि पुढच्या कडव्याआधी गद्यातच समोरच्याचा हिशेब काढला. मंडपात शिट्ट्या. आबा मात्र चहा कुठे मिळतोय ते बघायला उठले होते.

इथे आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे आधार. ‘मला असं वाटतं’ म्हणून चालत नाही. २१,६०० श्वासांचा अजपाजप कुठे आला आहे, असं कुणी विचारलं तर ग्रंथाचं नाव घ्यावं लागतं. आबांनी घेतलं: दासबोध, दशक सतरावा, समास पाचवा, अजपानिरूपण. त्या दशकाचं नाव आहे प्रकृतिपुरुष, म्हणजे शक्तीवाले आणि तुरेवाले दोघांनाही ते आपलंच घर वाटतं. परंपरेने दासबोधाचं लेखनस्थान मानली गेलेली शिवथरघळ महाड तालुक्यातच आहे. सवाल गायला गेला त्या वाडीपासून ती फार लांब नाही. ज्या ग्रंथावर इथला श्रोता अडून बसतो, तो त्याच्या लेखी शेजारच्या खोऱ्यात लिहिला गेलेला आहे.

हे शिक्षण मिळतं कुठे? भातलावणी उरकली की श्रावणात घरोघरी पोथी लागते. श्रीधरांचा हरिविजय, पांडवप्रताप, शिवलीलामृत. पोथी वाचणारा एक आणि अर्थ सांगणारा दुसरा. ओवी वाचून झाली की वाचणारा थांबतो, दुसरा ती उलगडतो, आणि ऐकणारे मधेच शंका काढतात. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला पुराणातला बारीक तपशील कसा ठाऊक, याचं उत्तर त्या ओट्यावर आहे. नंतर गणपतीत सवाल कानावर पडतात तेव्हा हाच साठा उपयोगी येतो. काही जणांच्या वह्या असतात; त्यात सवाल, जवाब, आणि शेवटच्या कडव्यात येणारं कवीचं, गुरूचं, गावाचं नाव. त्या नावावरूनही अंदाज बांधतात: अमक्या घराण्याचा शाहीर म्हणजे सवाल महाभारतातला असणार, तमक्याचा असेल तर पिंड-ब्रह्मांडाचा.

माझा भाचा मुंबईत वाढलेला. तो इंडी रॉक ऐकतो आणि मित्रांशी त्या गाण्यांच्या अर्थावरून तासन्‌तास भांडतो. त्या रात्री तो सोबत होता. त्याने मला आर.ई.एम. या अमेरिकन बँडबद्दल सांगितलं. १९८३ साली आलेल्या त्यांच्या ‘मर्मर’ या पहिल्या अल्बमात गायकाचे शब्दच धड कळत नव्हते, सोबत गाण्यांचा छापील मजकूरही नव्हता, आणि चाहते आधी शब्दांवरून, मग अर्थावरून वाद घालत राहिले. सहा चोर की सहा थोर, याच जातीचा वाद. पण पुढे वाटा फुटतात. त्याच्या आवडत्या गाण्यांत प्रत्येकाला आपापला अर्थ घेऊन घरी जाता येतं. माझ्या प्रेमभंगाचं गाणं तुझ्यासाठी बापाच्या मरणाचं असू शकतं. शक्ती-तुऱ्यात ती मुभा नाही. इथे अर्थ चारचौघांत सिद्ध करावा लागतो, नाहीतर तो पडतो. भाच्याला हे जाचक वाटलं. मला त्यात न्याय दिसतो, पण त्याचंही थोडं खरं आहे: आबांसारखा माणूस गाण्यातलं दुःख सोडून आकडेच मोजत बसतो, असं कधीकधी होतं.

याच खोऱ्यांतली माणसं गिरण्यांत गेली तेव्हा हा नाद लालबाग-परळच्या चाळींत घेऊन गेली. परळच्या दामोदर नाट्यगृहात शक्ती-तुऱ्याचे सामने तिकीट लावून होत. ते नाट्यगृह पुनर्बांधणीसाठी २०२३ मध्ये बंद झालं. आता सामने उपनगरांतल्या नाट्यगृहांत होतात, मोबाइलवर तर रोज ऐकू येतात. मंडळं कमी झाली आहेत असं मी म्हणणार नाही. पोरं दणक्यात नाचतात, पोशाख झकपक झाले आहेत. आटला आहे तो सवाल. त्याच्या जागी सिनेमाच्या चालीवरचे टोमणे आणि दुअर्थी फटके आले. शाहिरांना दोष देणं सोपं आहे, पण सवाल फोडणारी रांगच समोर नसेल तर तो बांधायचा कुणासाठी? टोमण्याला लगेच टाळी मिळते. सवालाला टाळी मिळायला पहाट होते. माझ्या मते ही घसरण मंचावर कमी आणि मंडपात जास्त झाली आहे.

यंदा गणपतीला गावी गेलात तर सवाल सुरू झाल्यावर जेवायला उठू नका. शब्द कळले नाहीत तर दुसऱ्या ध्रुपदाची वाट पाहा, आकडे वहीत उतरवून घ्या, आणि सुचलेलं उत्तर आधी शेजारच्या म्हाताऱ्याला सांगून बघा. तो आधार विचारेल. घरात दासबोध असेल तर तो येतानाच पिशवीत टाका.