जुन्या रेडिओसाठीं पर्यायी व्हॉल्व्ह

जुना रेडिओ बोलेनासा झाला कीं, सर्वांचा संशय प्रथम व्हॉल्व्हवर जातो. हा आरोप पुष्कळदां अन्यायाचा असतो. चाळीस-पन्नास वर्षें अडगळींत पडलेल्या यंत्रांत आधीं निकामी होतात ते मेणकागदी कंडेन्सर; व्हॉल्व्ह बिचारा बहुधा शाबूत असतो. विशेषतः शेवटच्या, म्हणजे ध्वनिवर्धकाला चालविणाऱ्या व्हॉल्व्हच्या ग्रिडपाशीं असलेला कंडेन्सर गळूं लागला, तर चांगला व्हॉल्व्हहि तापून लाल होतो, आणि त्याच्या जागीं हौसेनें आणलेला दुसराहि त्याच वाटेनें जातो. म्हणून पर्याय शोधावयास निघण्यापूर्वीं तो कंडेन्सर बदलून घ्यावा.

तथापि कांहीं व्हॉल्व्ह खरोखरच संपलेले असतात. कॅथोडवरील लेपाची इलेक्ट्रॉन सोडण्याची शक्ति ओसरते व आवाज दिवसेंदिवस क्षीण होत जातो. मुंबईच्या चोरबाजारांत किंवा पुण्याच्या जुन्या बाजारांत शोध घेतल्यास मूळ क्रमांक मिळाला तर उत्तमच. न मिळाल्यास पर्याय पाहावा लागतो, आणि त्यासाठीं व्हॉल्व्हचें नांव वाचतां आलें पाहिजे. (कांचेवरील धूळ पुसतांना अक्षरांवरून फडकें फिरवूं नये, शाई सहज निघून येते, आणि मग व्हॉल्व्ह निनांवी होतो.)

युरोपीय पद्धतींत पहिलें अक्षर तापतंतूविषयीं असतें. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट, ‘यू’ म्हणजे ०.१ अँपिअरच्या साखळींत बसणारा, ‘डी’ म्हणजे बॅटरीवरील १.४ व्होल्टांचा. पुढील अक्षर काम सांगतें : ‘एफ’ पेंटोड, ‘एल’ शेवटचा शक्तिशाली पेंटोड, ‘वाय’ अर्धलहरी रेक्टिफायर. आंकड्यावरून बैठक कळते. चाळिशीचे क्रमांक आठ खुंट्यांच्या रिमलॉक बैठकीचे, ऐशींचे नऊ खुंट्यांच्या नोव्हलचे. अमेरिकन नांवांत पहिला आंकडा साधारणपणें तापतंतूचे व्होल्ट दाखवितो. एकाच व्हॉल्व्हला दोन्ही पद्धतींचीं नांवें असतात : ईएल८४ तोच ६बीक्यू५, ईसीएच८१ तोच ६एजे८, डीके९१ तोच १आर५. एका नांवाचा माल संपला म्हणून गिऱ्हाईक परत जातें, आणि दुसऱ्या नांवाचा तोच व्हॉल्व्ह शेजारच्या खणांत पडून राहतो! अशा समान क्रमांकांच्या याद्या जुन्या व्हॉल्व्ह-कोशांत असतात. अँटवर्प येथील ब्रान्स यांचा ‘व्हेड मेकम’ त्यांत विशेष प्रसिद्ध आहे.

खरी कसोटी नामांतर संपल्यावर लागते. १२एव्ही६ ऐवजीं १२एटी६ घातला तर खुंट्या त्याच, तापतंतु तोच. वर्धनांक तेवढा १०० चा ७० होतो आणि आवाज किंचित् उतरतो. परंतु १२एसके७ ऐवजीं ६एसके७ घालून पाहा. आंतली रचना हुबेहूब तीच, खुंट्याहि त्याच; पण पहिल्यास ०.१५ अँपिअर लागतो, दुसऱ्यास ०.३. ज्या यंत्रांत सर्व तापतंतू एकामागें एक जोडलेले असतात, तेथें हा नवा पाहुणा अर्धाच तापून मिणमिणत राहील आणि त्याच्या वांट्याचा दाब इतरांच्या माथीं बसेल.

अशा साखळीचें दुसरें उदाहरण ‘यू’ मालिकेचें घेऊं. यूसीएच४२, यूएफ४१, यूबीसी४१, यूएल४१ आणि यूवाय४१ या पांचांचे तापतंतू मिळून ११६.६ व्होल्ट घेतात. २३० पैकीं उरलेले ११३ व्होल्ट एका रोधकांत उष्णतेच्या रूपानें जातात. यूएल४१ न मिळाल्यास यूएल८४ चालतो, कारण दोहोंना ४५ व्होल्टच लागतात. बैठक मात्र बदलावी लागते. यूवाय४१ ऐवजीं यूवाय८५ घेतल्यास ३१ चे ३८ व्होल्ट होतात. या ७ व्होल्टांसाठीं रोधकांतून ७० ओहम कमी करावे, असा हिशेब निघतो. प्रत्यक्षांत तसें न केलें तरी प्रवाह अवघा तीन टक्क्यांनीं घटतो, व तो चालून जातो. असे दोन-तीन बदल एकत्र झाले, म्हणजे मात्र हिशेब टाळूं नये.

बैठक बदलतांना यंत्राच्या पत्र्यास भोंक पाडणें हा शेवटचा उपाय समजावा. मेलेल्या व्हॉल्व्हची कांच काळजीपूर्वक काढून त्याच्या तळावर नवी बैठक तारांनीं जोडली, कीं मधला जोड तयार होतो आणि मूळ यंत्र अबाधित राहतें.

ट्रान्सफॉर्मरच्या यंत्रांत धोका निराळा. ६व्ही६ च्या जागीं ६एल६ बसतो, वाजतोहि. पण त्याचा तापतंतु ०.४५ ऐवजीं ०.९ अँपिअर ओढतो. ५वाय३ ऐवजीं ५यू४ घातल्यास दोनाचे तीन अँपिअर होतात. यंत्र आठवडाभर गातें, आणि मग जळक्या वार्निशाचा वास येतो. व्हॉल्व्ह पुन्हां मिळेल, त्या मापाचा ट्रान्सफॉर्मर मिळणें कठीण. रेक्टिफायरच्या जागीं सिलिकॉन डायोड जोडणारेहि आहेत. परंतु तो तत्क्षणींच, इतर व्हॉल्व्ह तापण्यापूर्वीं, पूर्ण आणि पूर्वींहून चढा दाब देतो. एक रोधक मध्यें घातल्यावांचून तसें करणें म्हणजे वृद्ध कंडेन्सरांवर घाला घालणेंच होय.

‘यू’ मालिकेच्या यंत्रांचा पत्रा बहुधा थेट वीजवाहिनीशीं जोडलेला असतो. प्लग उपसल्यावांचून त्यास हात लावूं नये. ट्रान्सफॉर्मरच्या यंत्राला नवा व्हॉल्व्ह बसविल्यावर पहिल्यानें तंतूचा शंभर वॅटचा दिवा सीरीजमध्यें जोडून वीज द्यावी. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लखलखतच राहिला तर कोठें तरी शॉर्ट आहे असें समजून खटका ताबडतोब बंद करावा.