किलो नको, कंबर सांगा

‘वजन ९२ किलो आहे. मला किडनी बसवायला डॉक्टर नाही म्हणतील का?’ लालबागच्या एका वाचकांनी विचारलंय. नुसत्या वजनापायी नाही म्हणू नये, असंच ‘केडिगो’ या किडनीविकारांवरच्या संस्थेची २०२० सालची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सुचवतात. अडचणी मात्र खऱ्या आहेत. नवी किडनी जुन्या किडन्यांच्या जागी बसत नाही. ती ओटीपोटात एका बाजूला ठेवून पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना जोडतात. पोटावर चरबीचा जाड थर असला, की सर्जनला जणू विहिरीच्या तळाशी टाके घालावे लागतात. पुढे जखम चिघळण्याची भीती वाढते. किडनी कामाला लागायला उशीर होण्याचीही शक्यता वाढते. तोवर डायलिसिस सुटत नाही.

वजनाची ही चिंता तशी नंतरची. देशातलं पहिलं मूत्रपिंड प्रत्यारोपण आपल्या परळच्या केईएममधलं, मे १९६५ चं. डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि सहकाऱ्यांचा तो रुग्ण अकराव्या दिवशी दगावला. त्या काळी खरा घोर होता तो परकी किडनी शरीर स्वीकारेल का, याचा. औषधांनी तो बराचसा मिटवला आणि वजनाचा मागे लावून दिला. डायलिसिसवर असताना पाणी मोजून, शहाळं-केळं बंद. नवी किडनी चालू लागली की पथ्य सैल होतं, स्टेरॉइडने भूक खवळते आणि वजन चढतं. त्यात शरीराने किडनी नाकारू नये म्हणून दिलेलं टॅक्रोलिमस हे औषध इन्सुलिन तयार होण्यात अडथळा आणतं. पूर्वी मधुमेह नसलेल्यालाही तो जडू शकतो.

वाचकांनी उंची कळवलेली नाही. कळवली असती तर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, निघाला असता, पण माझा त्यावर फारसा भरवसा नाही. त्याला कारण दुसरं केईएम, पुण्याचं! तिथले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच जोडफोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार मिटण्याआधी ती पळत गाठणं, अशी मिश्कील नोंदही तिथे आहे. मधुमेहाच्या चर्चेत हा फोटो हमखास निघतो. किडनीच्या ओपीडीतही तो लावायला हवा.

तेव्हा वाचकहो, नुसत्या बीएमआयवर न थांबता डॉक्टरांकडून कंबरही मोजून घ्या; पोटावरच्या चरबीचा अंदाज तीच देते. डायलिसिस चालू असताना स्वतःच्या मनाने उपाशी राहू नका. चरबीबरोबर स्नायूही झडायचे. आणि ऑपरेशननंतरचं पहिलं वर्ष आहारतज्ज्ञांना सोडू नका. पथ्य सुटतं तेव्हाच त्यांची खरी गरज असते.