एकीचे माहेर, दुसरीचे सासर

वैशाखाचे ऊन माथ्यावर आले आणि शाळांची दारे बंद झाली, की गोमंतकातील जुन्या घरांना जाग येते. एरवी वर्षभर दोन-चार वृद्धांच्या वावराने सुनी वाटणारी फोंडे, पेडणे, डिचोली, काणकोण महालांतील घरे मुलांच्या गलक्याने भरून जातात. एके काळी मुंबईची मंडळी आगबोटीने पणजीच्या धक्क्यावर उतरत असत. १९९८ साली कोकण रेल्वेचा मार्ग पुरा झाल्यापासून ती एका रात्रीत थिवी वा मडगाव गाठतात. बेळगावचे पाहुणे चोर्ला घाट उतरून येतात. माळ्यावर गवतात मानकुराद पिकत घातलेला असतो, परसात फणसाचा घमघमाट सुटलेला असतो आणि सोप्यावर तीन पिढ्या एकत्र बसलेल्या असतात.

ह्या सुट्टीचे वैभव कमी लेखावे असे आम्हांला मुळीच वाटत नाही. चुलत, मामे, आते भावंडांनी एका ठिकाणी बसून आंबे चोखावेत, विहिरीवर अंघोळी कराव्यात, रात्री ओळीने अंथरुणे घालून आजीकडून गोष्टी ऐकाव्यात, हे शिक्षण कोणत्याही शाळेत मिळत नाही. परंतु हे वैभव कोणाच्या श्रमांवर उभे असते, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. आणि ज्या घरची सून दोन जिवांची आहे, त्या घराने तरी तो विचारल्यावाचून गत्यंतर नाही.

सातव्या महिन्यातील अशा सुनेचा मे महिन्यातला एक दिवस वाचकांनी डोळ्यांपुढे आणावा. ती कोणत्या एका घरची नव्हे. ती आपल्या बहुतेकांच्या घरची आहे. नळाचे पाणी जाण्यापूर्वी भांडी भरून ठेवायची म्हणून ती पहाटे पाचला उठते. पहिला चहा, मग मुलांचे दूध, मग उशिरा उठणाऱ्यांचा दुसरा चहा. वडीलधाऱ्यांना उकड्या तांदळांची पेज आणि खारातली कैरी हवी, मुंबईच्या मुलांना पोहे नाही तर शिरा हवा. तोवर मासळीवाली दारात येते. नारळ खवायचा, वाटण वाटायचे, हुमण करायचे, दहा-बारा माणसांचा भात उतरवायचा. पहिली पंगत मुलांची, दुसरी पुरुषांची, तिसरी सासूबाईंची व माहेरी आलेल्या लेकींची. सर्वांच्या शेवटी ती. घड्याळात अडीच वाजून गेलेले असतात आणि हुमणात मासळीचा तुकडा उरला तर उरला. तिचे पहिले मूल चार-पाच वर्षांचे. घरातील गर्दीने बावरून तेही घटकेघटकेला कडेवर घे म्हणून तिच्या पदराला झोंबत असते.

भांडी आवरतात न आवरतात तोच पुरुमेंताची कामे पुढे उभी राहतात. मृगाच्या आत पापड, सांडगे व्हायला हवेत, भिंडांची सोले वाळायला हवीत, मिरच्या निवडून ठेवायला हव्यात, फणसाची साटे उन्हात घालायला हवीत. संध्याकाळी पुन्हा चहा, पुन्हा चूल. रात्री अकराला ओटा पुसून ती पाठ टेकते, तेव्हा पोटातले बाळ हालचाल करू लागते. ते दिवसभरही हालत असतेच. पण त्याच्याकडे लक्ष देण्यास आईला मिळालेला तो दिवसातला पहिला क्षण असतो.

ह्या घरात कोणीही दुष्ट नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. सासू मायाळू आहे. नणंदा वहिनीला जीव लावणाऱ्या आहेत. पाचव्या-सातव्या महिन्यात फुले माळण्याचा सोहळा ह्याच घराने हौसेने केला. हिरवी साडी नेसवली, ओटी भरली, डोहाळे विचारून पदार्थ करून घातले. कौतुकाला कोठेही उणे पडले नाही. तथापि कौतुक हा एका दिवसाचा सोहळा आणि श्रम हा रोजचा नेम, अशी वाटणी झाली, की त्या कौतुकाचा तिच्या शरीराला काही उपयोग होत नाही.

ह्या प्रश्नाची खरी गाठ माहेर आणि सासर ह्या दोन शब्दांत आहे. मुंबईहून आलेली नणंद वर्षभर आपल्या संसारात राबलेली असते. मे महिन्यातले पंधरा दिवस हाच तिचा विसावा. ती स्वयंपाकघराकडे वळली, की आईच तिला अडवते, "बस गो बाय, वर्षभर तुला आहेच." त्या माउलीचे काही चुकते असे म्हणवत नाही आणि लेकीचा हक्कही न्याय्य आहे. परंतु एकीचे माहेर ते दुसरीचे सासर असते. लेकीला दिलेला विसावा सुनेच्या खांद्यावरून काढून दिलेला असतो. पुढे हीच सून आपल्या माहेरी जाईल आणि तेथे तिची वहिनी तिच्यासाठी उभी राहील. अशा रीतीने विश्रांतीची ही उसनवारी बायका आपसांतच फेडीत राहतात. घरातील पुरुष ह्या हिशेबात येतच नाहीत, आणि ते येत नाहीत हेदेखील कोणाच्या ध्यानात येत नाही.

हे केवळ आमचे निरीक्षण नव्हे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर लोकांच्या चोवीस तासांच्या वापराची पाहणी केली. घरच्या माणसांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे सुमारे पाच तास, त्यात घालवतात असे तीत आढळले. असे काम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटे होती. आणि मुळात असे काम करणारे पुरुष शंभरांत सव्वीसच होते, तर बायका एक्याऐंशी. ही सरासरी एरवीच्या दिवसांची. घरात पाहुण्यांची दाटी असलेल्या मे महिन्यातला आकडा प्रत्येक गृहिणी आपल्या अनुभवाने सांगू शकेल.

गरोदरपणी शरीरात काय घडते हे समजून घेतले, तर ह्या श्रमांचे मोल ध्यानात येईल. गर्भाच्या पोषणासाठी आईच्या शरीरातील रक्ताचे आकारमान जवळजवळ निम्म्याने वाढते आणि ते खेळवण्यासाठी हृदयाला अधिक काम पडते. उष्म्यात शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळवावे लागते, म्हणजे त्याच हृदयावर आणखी भार. आपल्या किनाऱ्यावरची हवा दमट. घाम येतो पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंगाला गारवा देत नाही. त्यात ओट्यापाशी तास न् तास उभे राहिल्याने रक्त पायांकडे उतरते, पाय सुजतात, भोवळ येते. पाणी पिण्यासही उसंत नसेल, तर अंगातील पाणी कमी होते, लघवीची जळजळ सुरू होते, कधी अवेळी पोट दुखू लागते. घर त्याला "उन्हाचा त्रास" म्हणून सोडून देते.

आहाराची गोष्टही अशीच. २०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील गरोदर स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक, शंभरांत बावन्न, रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात; गरोदरपणी त्या किमान १८० दिवस रोज घ्यावयाच्या असतात. पण गोळीबरोबर लगेच चहा प्यायला, तर लोह अंगी लागत नाही, आणि चहाची किटली तर दिवसभर चुलीवरून उतरत नाही. त्याच ताटात लिंबाची फोड पिळली तर उपयोग होतो. मासळी, कडधान्ये, हिरवी भाजी तिच्या पानात पहिल्यांदा पडायला हवी. आपल्या रीतीप्रमाणे ती शेवटी पडते. शेवटच्या पंगतीची रीत घालून देणाऱ्यांच्या मनात तिची उपासमार करण्याचा हेतू खचितच नव्हता, परंतु परिणाम मात्र तोच होतो.

येथे कायद्याची आठवण होते. प्रसूतिविषयक लाभांचा अधिनियम आपल्या संसदेने १९६१ सालच्या डिसेंबरात केला. गोमंतक मुक्त झाला त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीचे सहा आठवडे आणि त्याहीआधीचा एक महिना, ह्या काळात गरोदर स्त्रीने विनंती केल्यास तिला कष्टाचे किंवा तास न् तास उभे राहण्याचे काम देऊ नये, असे त्यात मालकांना बजावले होते. २०१७ सालच्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि त्यांतील ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेण्याची सोय झाली. कारखान्याच्या मालकाला कायद्याने जे विचारता येते, ते घराला कोण विचारणार? स्वयंपाकघरात निरीक्षक येत नाही आणि तो यावा असे आम्ही म्हणत नाही. नोकरी करणारी सूनदेखील बाळासाठी म्हणून प्रसूतीची रजा राखून ठेवते, आणि मे महिन्यात हक्काची रजा काढते ती पाहुण्यांच्या सरबराईसाठी. कार्यालयात तिला निदान खुर्ची तरी असते!

ह्यावर घरातील जुन्या पिढीचे उत्तर ठरलेले आहे: "आम्ही नाही का केले? शेतात लावणी करून घरी आलो आणि बाळंत झालो." ह्या माउलींच्या कष्टांपुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु हे सांगायला त्याच उरल्या, ज्या वाचल्या. ज्या बाळंतपणात गेल्या, त्यांची साक्ष कोण काढणार? आपल्या देशात १९९७-९८ साली दर लाख जिवंत जन्मांमागे ३९८ माता दगावत होत्या. २०१८-२० पर्यंत हा आकडा ९७ वर आला. दवाखान्यातील बाळंतपणे, वेळच्या वेळी तपासण्या आणि औषधे ह्यांचा त्यात मोठा वाटा आहे. सुधारणा झाली ती जुन्या रीती जशाच्या तशा चालू ठेवून नव्हे. गरोदर बाईला खाटेवर बसवून ठेवावे असाही आमचा आग्रह नाही. प्रकृती ठीक असेल तर हिंडणे-फिरणे, हलके काम तिला हितकारकच आहे. झेपेल तेवढे काम आणि थांबता येईल असे काम, एवढाच आमचा मुद्दा आहे. मे महिन्यातील स्वयंपाकघरात थांबता येत नाही, हे दुःख आहे.

मग पाहुण्यांना दारे लावायची काय? मुळीच नाही. घर भरलेलेच असावे. मांडणी मात्र बदलावी. गरोदर सुनेचे पान पहिल्या पंगतीला मांडावे. दुपारी तिने डाव्या कुशीवर तासभर पडावे आणि त्या वेळात तिला कोणी हाक मारू नये. पाण्याच्या कळशा, गॅसचा सिलिंडर, फणस ह्यांना तिने हात लावू नये. नारळ खवणे, फणस कापणे, मासळी आणणे, पंगतीनंतर ताटे घासणे ही कामे पुरुषांनी करावीत. आदोळीवर बसल्याने कोणाच्या पुरुषार्थाला बाध येत नाही. पाहुण्या मुलांनी आपापली अंथरुणे गुंडाळावीत आणि तिच्या धाकट्याला आपल्या खेळात घ्यावे, म्हणजे त्याला दर घटकेला आईच्या कडेची आठवण होणार नाही. यंदा पापड-सांडगे थोडे कमी झाले, काही विकत आणले, तर पावसाळा थोडाच अडणार आहे!

माहेरी आलेल्या लेकीला आमची एक विनवणी आहे. तुमचा विसावा तुम्ही सोडू नका. पण तो वहिनीकडून घेऊ नका, भावाकडून घ्या. ह्या बाबतीत पहिला शब्द पतीने काढला पाहिजे. सुनेने तक्रार केली तर ती कामचुकार ठरते. मुलाने हातात खवणी घेतली, तर आईलाही काही बोलता येत नाही.

गरोदर लेक स्वतः प्रवास करून माहेरी येणार असेल, तर डॉक्टरांना विचारूनच निघावे आणि तपासणीचे कार्ड व कागद सोबत घ्यावेत. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची खास मोफत तपासणी असते. सुट्टीच्या गडबडीत ती चुकवू नये. तोंडावर व हातांवर अकस्मात सूज येणे, डोके असह्य दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, रक्तस्राव, पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, ह्यांतले एकही लक्षण दिसले तर पाहुणे जेवायचे आहेत म्हणून खोळंबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि दवाखाना गाठावा. घर भरलेले असते तेव्हा लक्ष ठेवणारे डोळेही पुष्कळ असायला हवेत. दुर्दैवाने अशा वेळी तिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते.

मृगाचे ढग दिसू लागले, की पाहुण्यांच्या पिशव्या भरल्या जातात. आंबे, सोले, पापड, फणसाची साटे ह्यांनी त्या जड होतात, आणि दारापाशी उभी राहून सून सर्वांना हळदीकुंकू लावते. पुढच्या मे महिन्यात ती मंडळी पुन्हा येतील, तेव्हा तिच्या मांडीवर बाळ असेल आणि त्याला घेण्यासाठी दहा हात पुढे येतील. त्या दहा हातांपैकी दोन हात यंदाच, आजच, स्वयंपाकघरात पोहोचावेत, एवढेच आमचे वाचकांकडे मागणे आहे.