१९३३ चा डबल ईगल: एक नाणं कायदेशीर, बाकी सगळी चोरीची

आज सोन्याबद्दल बोलू, पण दागिन्यांच्या नाही.

जुनं नाणं म्हणजे महाग नाणं, असं आपण धरूनच चालतो. तसं नसतं. अमेरिकेचं १९२४ चं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं घ्या. त्याला म्हणतात ‘डबल ईगल’. वय शंभरी पार, पण साध्या स्थितीतल्या नाण्याची किंमत त्यातल्या सोन्याच्या आसपासच राहते, कारण अशी नाणी ढिगाने शिल्लक आहेत. तीच मूर्ती, तेच ३३.४ ग्रॅम वजन, फक्त साल १९३३ असेल तर? २०२१ मध्ये त्याला जवळपास १ कोटी ८९ लाख डॉलर मिळाले.

झालं असं की, एप्रिल १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढला: लोकांनी आपलं सोनं सरकारजमा करावं. मंदी होती, बँका कोसळत होत्या. (आपल्याकडे मोरारजीभाईंनी १९६३ मध्ये चौदा कॅरेटची सक्ती आणली होती, ते आजीला विचारा. सोन्यावर हात टाकलेला कुणालाच आवडत नाही.) त्या वर्षी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत ४,४५,५०० डबल ईगल पाडले गेले, पण चलनात एकही आला नाही. दोन संग्रहालयासाठी ठेवले, बाकी वितळवायचे ठरले.

तरी काही बाहेर गेलेच! सरकारचा संशय इझ्रायल स्विट नावाच्या स्थानिक सराफावर होता. १९४४ पासून सीक्रेट सर्व्हिसने एकेक नाणं शोधून जप्त करायला सुरुवात केली.

आता खरी गंमत. त्यातलं एक नाणं इजिप्तचा राजा फारूक याने घेतलं होतं. त्याने रीतसर निर्यात परवाना मागितला आणि अमेरिकी अर्थखात्याने तो देऊन टाकला! हे नाणं चोरीचं आहे हे लक्षात आलं तोवर ते गेलेलं होतं. १९५२ मध्ये फारूकची गादी गेली, १९५४ मध्ये त्याचा संग्रह कैरोत लिलावात निघाला, अमेरिकेने नाणं परत मागितलं आणि ते गायबच झालं.

थेट १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका आलिशान हॉटेलात स्टीफन फेंटन हा ब्रिटिश व्यापारी नाण्यासकट पकडला गेला. खटला बरीच वर्षं चालला. तो परवानाच फेंटनच्या कामी आला. तडजोड झाली: नाणं विकायचं, पैसे अर्धे-अर्धे. २००२ च्या लिलावात रक्कम झाली ७५,९०,०२० डॉलर. शेवटचे वीस कशाचे? नाणं चलनात कधी आलंच नव्हतं, म्हणून त्याची दर्शनी किंमत सरकारला वेगळी भरली! मला तर त्या कोट्यवधींपेक्षा हे वीस डॉलरच जास्त आवडतात.

पुढे स्विटच्या वारसांना अशीच दहा नाणी सापडली. त्यांनी ती खरी आहेत का हे तपासायला टांकसाळीला दिली. टांकसाळीने सांगितलं, खरी आहेत, आणि आमची आहेत. ते कोर्टात गेले, पण २०१६ मध्ये अपील कोर्टाने सरकारच्या बाजूने निकाल दिला, आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. म्हणजे नाणं तेच, सोनं तेच. एकाकडे कागद होता, दहांकडे नव्हता. त्या दहांची बाजारातली किंमत आज शून्य, कारण ती विकायला कुणाच्या हातातच नाहीत.