जुन्या पद्मिनीचा बोल्ट ऑनलाइन शोधायचा कसा?

रिस्टोरेशनचे व्हिडिओ बघितले की वाटतं सगळा खेळ डेंटिंग-पेंटिंगचा आहे. प्रत्यक्षात गाडी खोलली की हातात उरतो तो गंजलेल्या नट-बोल्टांचा डबा. आमच्या घरच्या प्रीमिअर पद्मिनीचे सगळे बोल्ट मी असेच एका बिस्किटाच्या डब्यात टाकले होते, भंगारातून आणलेल्या बोल्टांसकट. पुढे मडगार्ड बसवताना गॅरेजमधल्या मुलाने त्यातला ‘साधारण तोच’ बोल्ट उचलला. दोन-तीन आटे आत गेला आणि अडकला. त्याने पान्याला जोर दिला, आणि आत पत्र्याच्या पिंजऱ्यात बसवलेला नट बोल्टाबरोबर गरागरा फिरायला लागला. तो काढायला नुकताच रंगवलेला पत्रा कापावा लागला. चूक माझीच होती, डबा माझा होता.

झालं काय होतं? पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट ११००, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. तिचे आटे मिलिमीटरमधले. अँबॅसेडर आली ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवरून, म्हणून तिच्यात बरेच आटे इंचातले. आणि भंगारवाल्याच्या घमेल्यात दोन्ही गाड्यांचे बोल्ट सुखाने एकत्र नांदतात.

आता गंमत बघा. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी. आणि ८ मिमीचा, म्हणजे एम८ बोल्ट, प्रत्यक्षात ८ पेक्षा किंचित कमीच भरतो. कॅलिपर लावला तर दोघांचं माप जवळपास सारखंच येतं! फरक आहे तो पिचमध्ये, म्हणजे एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंतच्या अंतरात. एम८ चं नेहमीचं पिच १.२५ मिमी. ५/१६ च्या बारीक आट्याचं, ज्याला यूएनएफ म्हणतात, १.०६ मिमी. डोळ्यांना हे दिसत नाही, नटला मात्र लगेच कळतं.

यासाठी पिच गेज मिळतो आणि तो स्वस्त असतो, जरूर घ्या. पण नसेल तर फोन पुरतो. बोल्ट आडवा ठेवा, शेजारी स्टीलची पट्टी. पट्टीखाली पुठ्ठा घालून ती बोल्टाच्या मध्याच्या उंचीला आणा, नाहीतर फोटोत माप चुकतं. फोन अगदी जवळ नेऊ नका. फूटभर वरून, झूम करून, सरळ खाली बघत फोटो काढा. मग फोटो मोठा करून दहा आट्यांचं अंतर मोजा. दहा अंतरं म्हणजे अकरा शिखरं, बरं का. (आम्ही कोड लिहिणारे लोक एकाने चुकण्यात पटाईत असतो, म्हणून सांगतोय.) १२.५ मिमी आलं तर एम८. १०.६ आलं तर ५/१६ यूएनएफ. १४.१ आलं तर ५/१६ चाच जाड आटा, यूएनसी. छोट्या ६ मिमीच्या बोल्टाला दहा अंतरं बरोबर १० मिमी भरतात, तर पाव इंची यूएनएफला साधारण ९.१. बोल्ट आखूड असेल तर पाच अंतरं मोजा आणि दुप्पट करा.

माप कळलं की शोधायची पद्धतच बदलते. ‘फियाट मडगार्ड बोल्ट’ असं टाइप केलंत तर फार काही हाती लागणार नाही. इंग्रजीत टाइप करायचं ते बोल्टाचं स्वतःचं नाव: एम८ × १.२५ × २०, डीआयएन ९३३. हा जर्मन मानकाचा नंबर आहे. ९३३ म्हणजे षटकोनी डोक्याचा, टोकापासून डोक्यापर्यंत आटे असलेला बोल्ट. ९३१ म्हणजे आटे अर्धवट, वरचा दांडा गुळगुळीत. दुकानदाराला गाडी माहीत नसली तरी हा नंबर माहीत असतो.

‘ओरिजिनलसारखं’ दिसण्याचा प्रश्न इथेच सुटतो. आतल्या ट्रिमला पूर्वी एका खाचेचे, फुगीर डोक्याचे पत्रा-स्क्रू लावायची पद्धत होती, खाली वाटीसारखा वॉशर. आज दुकानात मागाल तर फुलीवाला स्क्रू मिळेल. फुलीवाल्याचा नंबर डीआयएन ७९८३, खाचवाल्याचा ७९७३. एका आकड्याचा फरक, पण दार उघडलं की जाणकाराची नजर आधी तिथेच जाते. षटकोनी डोक्याचंही तसंच. जुन्या डीआयएनप्रमाणे एम१० ला १७ चा पाना लागतो, नव्या आयएसओ बोल्टाला १६ चा. मारुती ८०० खोलत असाल तर तिसरीच भाषा: जपानी पद्धतीत एम८ च्या डोक्याला १३ ऐवजी १२ चा पाना, आणि फुलीच्या स्क्रूत साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर घसरतो.

बरेच जण सरळ चकाचक स्टेनलेस बोल्ट लावतात. मला ते पटत नाही. जुन्या गाडीवर ते उपरे दिसतात, आणि वॉशरखाली रंग खरवडला गेला की ओलाव्यात गंज स्टेनलेसला नाही, शेजारच्या पत्र्याला लागतो. डोक्यावर ८.८ असा शिक्का असलेला, झिंक चढवलेला साधा बोल्ट बघा. ८.८ मधला पहिला ८ म्हणजे तुटायची ताकद ८०० मेगापास्कल. नेहमीचा ए२-७० स्टेनलेस ७०० वर थांबतो. जुनेच बोल्ट प्लेटिंगवाल्याकडे द्यायचे असतील तर १०.९ किंवा वरचे देऊ नका. ॲसिड आणि प्लेटिंगमध्ये कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि बोल्ट पुढे कधीतरी अचानक तडकतो.

सीटबेल्टच्या बोल्टाशी तर खेळूच नका. जगभरात मेट्रिक गाड्यांमध्येही तिथे सहसा ७/१६ इंची यूएनएफ असतो, मिलिमीटरमध्ये ११.१. म्हणजे ‘आपली गाडी मेट्रिक’ म्हणून एम१२ किंवा एम१० ठोकलात तर आटे जातील, आणि ते कळेल अपघातात.

बोल्ट मुंबईत नागदेवी स्ट्रीटला सापडतात. पुण्यात बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात नशीब आजमावता येतं. खरी अडचण क्रोम पट्ट्यांच्या क्लिपांची. त्यांना नंबर नाही, मानक नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, म्हणजे भंगारात येणारा मालही आटत जाणार. त्यामुळे मोडकी क्लिपसुद्धा फेकू नका, नमुना म्हणून ती लागते. थ्रीडी प्रिंट करता येते, पण पीएलए प्लास्टिकमध्ये नको. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा पत्रा तेवढा सहज तापतो. एएसए किंवा नायलॉन सांगा.

आणि बिस्किटाचा डबा नको. प्रत्येक जागेची वेगळी झिपची पिशवी, त्यात चिठ्ठी, आणि बोल्ट काढायच्या आधी तो जागेवर असतानाचा एक फोटो. फोटोचं नाव ‘आयएमजी’ वगैरे न ठेवता ‘डावं मडगार्ड, वरून दुसरा’ असं ठेवा. माझ्याकडे अजून अकरा बोल्ट शिल्लक आहेत, कुठले ते मला माहीत नाही.