कौलावर वसलेले पुणे

शहरे आपोआप वाढतात असा आपला एक समज आहे, आणि पुण्याच्या बाबतीत तर पेशव्यांची गादी येथे आली म्हणून माणसे आपसूक गोळा झाली, असेच सर्रास सांगितले जाते. जुन्या पेठांचा वृत्तान्त मात्र काही वेगळेच सांगतो. त्यावरून असे दिसते की, या शहरातील वस्ती फार मोठ्या प्रमाणावर मुद्दाम बोलावून, सवलतींचे कौल देऊन आणि प्रसंगी ओढ्याचे पात्र वळवून करण्यात आली.

आरंभीचा इतिहास शाळकरी मुलासही ठाऊक आहे. राष्ट्रकूटांच्या आठव्या शतकातील ताम्रपटांत या प्रदेशाचा उल्लेख येतो. 1630 च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने गाव बेचिराख करून त्यावर गाढवाचा नांगर फिरविला. आणि पुढे काही वर्षांनी जिजाबाई व बाल शिवाजी येथे आल्यावर त्याच भूमीवर सोन्याचा नांगर धरला गेला. ही कथा अक्षरशः खरी की लोकांनी आवडीने सजविलेली, या वादात मी शिरत नाही. उजाड गावात रयतेने परत यावे म्हणून तिच्या मनातील धास्ती घालविणे अवश्य होते, आणि ते काम कसब्याच्या गणपतीने, लाल महालाने व त्या नांगराने मिळून केले, एवढे समजले तरी पुरे.

पुढे वसत गेलेल्या पेठांची घडण त्यांच्या नावांतही दिसते. आज जिला बुधवार पेठ म्हणतात तिचे नाव एके काळी मोहियाबाद होते. औरंगजेबाची छावणी येथे पडली असता त्याचा एक नातू वारला, त्याच्या स्मरणार्थ ते नाव पडले. रविवार पेठ म्हणजे मलकापूर, शुक्रवार म्हणजे विसापूर, सोमवार म्हणजे शहापूर, शनिवार म्हणजे मुर्तजाबाद. ही जुनी नावे मागे पडून पेशवाईत वारांची नावे रूढ झाली आणि आठवड्याचे सातही दिवस शहराच्या नकाशावर आले. वार संपल्यावर माणसांची पाळी आली. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने सदाशिव पेठ झाली, तीही नायगाव नावाच्या खेड्याच्या जागेवर. नारायणराव पेशव्यांच्या नावाने नारायण, नाना फडणविसांच्या नावाने नाना, आणि शिवपुरी हे आपले मूळ नाव टाकून रास्त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागलेली रास्ता पेठ. नानासाहेब पेशव्यांनी आंबील ओढ्याचा प्रवाह वळविला, कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळाने गावात आणले, आणि त्यामुळे दक्षिणेकडे घरे बांधण्यास जागाही झाली व पाणीही मिळाले.

पेठ बसविण्याची रीत मोठी व्यवहारी होती. सरकारातून कौल मिळे. त्यात नव्याने येणाऱ्या उदम्यास व कारागिरास ठरावीक मुदतीपर्यंत जकात, मोहतर्फा म्हणजे धंद्यावरचा कर, आणि वेठबिगार माफ असे. पेठेवर शेटे-महाजन नेमले जात, ते वाणी-उदमी जमवीत, तंटे तोडीत आणि आपला मानपान घेत. गावाबाहेरच्या माळावर जाऊन दुकान थाटावयाचे धाडस कोणी फुकट करीत नाही, हे त्या काळच्या कारभाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

या धोरणाचे जिवंत रूप पाहावयाचे असेल, तर कसबा पेठेतील तांबट आळीत जावे. आळी दिसण्याआधी ऐकू येते. पेशवाईत कोकणातून आलेल्या त्वष्टा कासारांची ही वस्ती. त्यांची देवी महाकालिका त्यांच्यासोबत आली. माझ्या भेटीच्या वेळी एका अरुंद, धुराने काळवंडलेल्या दालनात उघड्या अंगाचे एक वृद्ध कारागीर जमिनीत रोवलेल्या वाकड्या लोखंडी खुंट्यावर तांब्याची घागर उलटी घालून बसले होते. डाव्या हाताने घागर केसभर फिरवावयाची आणि उजव्या हाताने गुळगुळीत तोंडाची हातोडी मारावयाची. एक ठोका दुसऱ्याच्या अगदी शेजारी, ना त्याच्यावर, ना त्याच्यापासून दूर. मठारकाम म्हणतात ते हे. ठोकता ठोकता तांबे ताठर होते, मग ते भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करावे लागते. शेवटचा मठार मात्र तसाच ठेवतात, कारण त्यानेच भांड्याला चकाकी व बळकटी येते. ठोक्यांच्या रांगा मोजता का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी हात न थांबविता, मोजणारा चुकतो, कानाने कळते, असे सांगितले. एके काळी बंब, हंडे, घंगाळी यांची रास लागत असे. आता गिऱ्हाईक दिवाणखान्यातील शोभेसाठी येते, आणि मुलगा नोकरीला लागला हे त्यांनी तक्रारीच्या स्वरात मुळीच सांगितले नाही.

तक्रार करावयाची ती आपण. 12 जुलै 1961 रोजी पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतील शेकडो वाडे लोळविले, ते दैव म्हणून सोडून देऊ. परंतु त्यानंतर उरलेले वाडे एकेक करून पाडले गेले, ते आपल्याच संमतीने. बुरूड आळीत बांबूचे काम तुरळक उरले आहे. त्याहून वाईट असे की, नव्या इमारतींना जी नावे देतात त्यांत त्या जागेचा मागमूसही नसतो. शनिवारवाडा पाहावयास आलेल्या पाहुण्यास तेथून हाकेच्या अंतरावर असलेली तांबट आळी दाखवावी, असे वाटाड्यांना सुचत नाही, आणि पुणेकरांना तर पत्ता सांगण्यापलीकडे आपल्या पेठेशी कर्तव्य उरलेले नाही.

महापालिकेने फार काही करू नये. पेठेच्या तोंडाशी एकेक साधा फलक लावावा, त्यावर आजच्या नावाखाली तिचे पूर्वीचे नाव आणि ती कोणी वसविली एवढेच लिहावे. आणि सुमारे तीन शतकांपूर्वी ज्यांना माफी देऊन येथे आणले, त्या कारागिरांच्या जागांवरील कर आजही थोडा हलका करावा.