नखांचे काम शिकायचे आहे? मग हे आधी वाचा

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे येणाऱ्या आयांचे प्रश्न ठरलेले असत. डीएड की नर्सिंग? कॉमर्स घेतले तर चालेल का? गेल्या काही वर्षांत त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. “टीचर, ही नेल आर्ट शिकायचे म्हणते. त्यात काही आहे का?” विचारणाऱ्या अम्मीच्या आवाजात निम्मी काळजी असते आणि निम्मी लाज. लाजण्यासारखे आम्हांला त्यात काही दिसत नाही. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) स्वतःच्या हातांनी काम करीत आणि त्यातून आलेले सदका करीत, हे आपण मुलींना शिकवतोच. काळजी मात्र रास्त आहे. या कामात पैसा आहे, तसा धोकाही आहे, आणि धोक्याविषयी कोणी बोलत नाही.

आपले उल्हासनगर हातांच्या कसबावरच उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बॅरेकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे राहू लागली आणि १९४९ मध्ये त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. पापड लाटणे, कपडे शिवणे, मिळेल ते बनवून विकणे यातून हे शहर सावरले. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद आजही ऐकू येतो. चेष्टेमागे मेहनत आहे, हे कॅम्प ४ मध्ये राहणाऱ्यांना सांगायला नको. लालचक्कीपासून विठ्ठलवाडी स्टेशनपर्यंत चालत गेले तरी पार्लरच्या किती पाट्या लागतात! लग्नसराईत नवरीसोबत तिच्या बहिणी, मावश्या, मैत्रिणी सगळ्यांचे हात सजतात. काम आहे. प्रश्न ते नीट करणाऱ्या हातांचा आहे.

अशीच एक निर्वासितांची गोष्ट अमेरिकेतली आहे. १९७५ मध्ये व्हिएतनाम युद्ध संपल्यावर कॅलिफोर्नियातल्या ‘होप व्हिलेज’ नावाच्या छावणीत व्हिएतनामी स्त्रिया आल्या. हॉलिवूडची अभिनेत्री टिप्पी हेड्रन तिथे मदतीला जात असे. त्या स्त्रियांचे लक्ष तिच्या नखांकडे जाई. मग तिने आपल्या मॅनिक्युअर करणाऱ्या बाईलाच तिथे नेले, वीस स्त्रियांना हे काम शिकवले आणि रीतसर परवाना मिळवण्यासाठी मदत केली. आज अमेरिकेतला नेल सलूनचा धंदा फार मोठ्या प्रमाणात व्हिएतनामी लोकांच्या हातात आहे. परकी भाषा धड येत नसताना हे जमले. आपल्या मुलींना तर मराठी, हिंदी, उर्दू आणि बाजारापुरती सिंधीही येते.

आता शिकण्याचे. नवी मुलगी थेट रंगीत डिझाइनकडे धावते. आमच्या मते पहिला महिना रंगाची बाटली उघडूच नये. नख म्हणजे काय हे आधी कळले पाहिजे. दिसते ते नख मृत असते; जिवंत भाग मुळाशी, कातडीखाली असतो. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, म्हणजे खराब केलेले नख पूर्ण नवे यायला सहा महिने जातात. कानशीसारखी खरखरीत फाइल मूळ नखावर घासली की ते पातळ होते आणि गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. मूळ नखासाठी १८० किंवा त्याहून मऊ ग्रिटची फाइल घ्यावी. विजेवर चालणारी ड्रिल मशीन सुरुवातीला हातात घेऊच नये. जेल लावण्याआधी बोटे पाण्यात भिजवत ठेवण्याची सवयही सोडावी; नख पाणी शोषून फुगते, नंतर वाळून आकसते आणि वरचा थर सुटतो.

यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट शिकवणीत घाईघाईने उरकली जाते. जेल आणि अॅक्रिलिक दोन्हींत अॅक्रिलेट जातीची रसायने असतात. न सुकलेले जेल कातडीला पुनःपुन्हा लागले तर अॅलर्जी होते आणि ती बहुधा जन्मभर राहते. बोटे सोलवटतात, खाज सुटते, पापण्याही सुजतात. असेच घटक दातांच्या फिलिंगमध्ये आणि काही वैद्यकीय चिकटपट्ट्यांमध्ये वापरतात, त्यामुळे पुढे उपचारांतही अडचण येऊ शकते. गिऱ्हाइकापेक्षा धोका काम करणारीला जास्त, कारण ती रोज त्यात हात घालते. म्हणून थर पातळ असावा, कातडीपासून जरासे अंतर सोडावे, लागलेच तर दिव्याखाली हात नेण्याआधी पुसून घ्यावे. ज्या कंपनीचे जेल, तिनेच सांगितलेला दिवा आणि तितकाच वेळ. हातात नायट्राइलचे मोजे. काढतानाही ओरबाडायचे नाही; अॅसिटोनमध्ये दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यायचे.

स्वस्त माल घेताना घटक वाचावेत. एमएमए नावाचे द्रव्य नखांना घातक ठरल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७० च्या दशकातच शंभर टक्के एमएमए असलेला माल बाजारातून काढायला लावला. टीपीओ या जेलमधल्या घटकावर युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी घातली आहे. बाटलीवर घटकच छापलेले नसतील तर ती बाटली दुकानातच ठेवून यावी.

आपल्या घरांत वुजूचा प्रश्न येणारच. पॉलिश, जेल, अॅक्रिलिक यांचा थर असताना पाणी नखाला लागत नाही; मेंदीचा रंग राहतो, थर राहत नाही. चाळीस दिवसांपेक्षा जास्त काळ नखे वाढू देऊ नयेत, अशी हजरत अनस (रजि.) यांची रिवायत सहीह मुस्लिममध्ये आहे. तेव्हा कोणते काम करावे आणि कोणते टाळावे, हे मुलीने आपल्या जाणत्या आलिमांना विचारून ठरवावे. आम्ही एवढेच सांगू की या धंद्यात नखे वाढवण्यापलीकडेही पुष्कळ आहे. नखे नीट कापणे, आकार देणे, हातापायांची निगा, मेंदी, यालाही गिऱ्हाईक आहे. काढता-लावता येणारी ‘प्रेस ऑन’ नखे तर घरी बसून मापाने बनवून कुरिअरने पाठवता येतात. आमची एक जुनी विद्यार्थिनी मेंदीसोबत हेच करते. गिऱ्हाईक नमाज पढणारे असेल तर पक्के जेल लावण्याआधी ती स्वतः सांगते की हे दोन-तीन आठवडे निघणार नाही. दोन गिऱ्हाइके त्यामुळे गेली असतील. पण तिच्यावर विश्वास बसला तो असाच.

कोर्सच्या फीबद्दल. ‘इंटरनॅशनल सर्टिफिकेट’ या दोन शब्दांवर भरमसाट पैसे मोजले जातात. प्रवेशाआधी अकादमीत जाऊन बसावे. एका दिव्यामागे किती मुली आहेत, जिवंत हातांवर सराव किती तास मिळतो आणि अवजारे दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये धुऊन जंतुनाशकात ठेवतात का, हे पाहावे. बफर आणि लाकडी काड्या एकदाच वापरायच्या असतात. तिथेच पुन्हा वापरत असतील तर उठून यावे. सरकारी मार्गही आहे. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड असतो. जवळच्या कोणत्या संस्थेत मुलींना जागा आहेत, हे प्रवेशाच्या दिवसांत विचारावे. स्किल इंडिया डिजिटल हबवर ब्युटी अँड वेलनेसचे अभ्यासक्रम पाहता येतात. आणि कॉलेज सोडून हे शिकू नये, हे आमचे आग्रहाचे मत आहे. सरावाला संध्याकाळचे दोन तास पुरतात. बीकॉमचे हिशोब पुढे याच धंद्यात लागतात.

शिकून झाल्यावर सहा महिने तरी बायकांच्याच चांगल्या पार्लरमध्ये मदतनीस म्हणून राहावे. घरी सुरू करायचे तर आपल्या एका खोलीच्या घरांत एक गोष्ट विसरू नये: अॅसिटोन चटकन पेट घेते. गॅस पेटलेला असताना त्याची बाटली उघडायची नाही. घासलेल्या नखांची भुकटी जेवणाच्या भांड्यांवर जाता कामा नये; खिडकीजवळ बसावे, मास्क लावावा. नख हिरवट दिसले, सुटलेले असले किंवा पू असला तर काम करू नये, डॉक्टरकडे पाठवावे. मधुमेह असलेल्या बाईच्या पायाला धारदार अवजार लावू नये.

वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. समजा एका कामाचे ५०० रुपये घेतले, सामान १५० चे लागले, रिक्षाला ६० गेले आणि वेळ अडीच तास. उरले २९०. हे लिहून पाहिल्याशिवाय भाव ठरवता येत नाही. ही रक्कम मुलीच्या नावाच्या खात्यात जावी. स्त्रीच्या कमाईवर तिचा हक्क असल्याचे सूरह निसामध्ये (आयत ३२) आलेले आहे. घरखर्चाला तिने दिले तर तो तिचा मोठेपणा. उद्यम नोंदणी ऑनलाइन मोफत होते, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नयेत. मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते, पण पहिल्याच महिन्यात ते काढण्याची घाई नको. दिवा, फाइली, चार-सहा रंग, मोजे आणि जंतुनाशक एवढ्यावर सुरुवात होते. ड्रिल मशीन वहीत शिल्लक दिसू लागल्यावर घ्यावे.